संशोधन छापून आले, मग ते सापडत का नाही?

नाशिकजवळ देवळालीला द. रा. कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. त्यांनी शोधलेली गंमत कुणालाही कागद-पेन्सिल घेऊन करून पाहता येते. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच कृती करा. 3524 घेतली तर 5432 मधून 2345 गेले, राहिले 3087. पुढे 8730 मधून 0378 गेले, 8352. मग 8532 मधून 2358 गेले, 6174. इथून पुढे कितीही वेळा केले तरी 6174च येते. सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही याच संख्येपाशी पोचता.

कापरेकरांनी हे 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडले. त्यांचे बरेच लेखन छोट्या नियतकालिकांत किंवा खाजगीरीत्या छापलेल्या पुस्तिकांत निघाले. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना ते किरकोळ वाटले. गणितावर लोकप्रिय लेखन करणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी मार्च 1975 मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या स्तंभात कापरेकरांविषयी लिहिले आणि मग जगभर त्यांचे नाव झाले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. 6174 ही संख्या 1949 मध्येही तितकीच पक्की होती. मधली 26 वर्षे ती फारशा कुणापर्यंत पोचली नव्हती, एवढेच.

आज महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. जानेवारी 2025 पासून सरकारी संस्थांना वर्गणीच्या संशोधनपत्रिका खुल्या करणारी केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली. पुढच्याच महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यताप्राप्त संशोधनपत्रिकांची ‘यूजीसी-केअर’ यादी बंद केल्याचे जाहीर केले. कुठे छापायचे, कुठे ठेवायचे आणि आपले काम लोकांना कसे कळवायचे, हे ठरवण्याची जबाबदारी आता बरीचशी संशोधकावर आणि त्याच्या संस्थेवर आली आहे. अनेक तरुण प्राध्यापक आणि पीएच.डी. करणारे विद्यार्थी गोंधळले आहेत. साहजिक आहे, कारण हे कुणी शिकवतच नाही. माझे म्हणणे असे की काम इतरांना सापडेल, वाचता येईल आणि कळेल अशी व्यवस्था करणे हा संशोधनाचाच शेवटचा टप्पा आहे, आणि त्यातला बहुतेक भाग फुकट होतो.

छापून येणे वेगळे, सापडणे वेगळे

नवा विषय हाती घेणारा अभ्यासक हल्ली ग्रंथालयातल्या कपाटापासून सुरुवात करत नाही. तो गूगल स्कॉलर उघडतो आणि चार शब्द टाकतो. 2004 साली सुरू झालेली ही शोधसेवा शोधनिबंध, प्रबंध आणि पुस्तके धुंडाळते. शीर्षक, लेखकाचे नाव, सारांश आणि संदर्भसूची तिला नीट वाचता आली तर तुमचा निबंध यादीत येतो. नाही आली तर तो नसल्यातच जमा.

म्हणून पहिली गोष्ट शीर्षकाची. ‘ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्यविषयक समस्या: एक चिकित्सक अभ्यास’ असे शीर्षक समजा कुणी दिले. आत मात्र बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी मोलाची माहिती आहे. बीड, ऊसतोड, गर्भाशय यांपैकी एकही शब्द शीर्षकात नाही. शोधणारा नेमके हेच शब्द टाकणार. ‘एक अभ्यास’ हे शेपूट काढून तिथे गावाचे, पिकाचे, रोगाचे किंवा समाजाचे नाव घातले तरी निबंधाचे नशीब बदलते.

दुसरी गोष्ट डीओआय. निबंधाला कायमचा मिळणारा हा क्रमांक 2000 सालापासून वापरात आहे. पत्रिकेचे संकेतस्थळ बदलते, प्रकाशन दुसऱ्या कंपनीकडे जाते, जुना दुवा तुटतो. जमीन विकली गेली, मालकाचे नाव बदलले, तरी गट नंबर सांगितल्यावर तलाठी त्याच जमिनीपाशी नेतो. डीओआय निबंधासाठी तेच काम करतो. तो असला म्हणजे निबंध दर्जेदार, असे मात्र समजू नये. तो फक्त पत्ता आहे.

ज्या पत्रिका डीओआय देत नाहीत, त्यांत लिहिणाऱ्यांसाठीही सोय आहे. ‘सर्न’ ही युरोपातली संशोधनसंस्था 2013 पासून ‘झेनोडो’ नावाचे भांडार चालवते. निबंध, सर्वेक्षणाची विदा (डेटा), परिषदेतले सादरीकरण असे काहीही तिथे ठेवले की डीओआय मोफत मिळतो. मजकुराचे हक्क आपल्याकडे आहेत ना, एवढे आधी पाहावे.

मराठी निबंधांचे वेगळे दुखणे

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी बोलले जाते. मराठीतले असंख्य शोधनिबंध आणि प्रबंध जुन्या श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप झालेले आहेत. कागदावर ते सुंदर दिसतात. पण या फॉन्टमध्ये पडद्यावर दिसणारे अक्षर आणि फाइलमध्ये साठवलेला संकेत यांचा मेळ नसतो. कृतिदेवमध्ये ‘क’ दिसतो तेव्हा फाइलमध्ये इंग्रजी ‘डी’ असतो. म्हणजे शोधयंत्राला तो मजकूर मराठी वाटतच नाही. त्याला दिसतात इंग्रजी अक्षरांची निरर्थक कडबोळी. तुकारामांच्या अभंगांवर कुणी पाच वर्षे काम केले असेल, तरी ‘तुकाराम’ हा शब्द टाकून तो प्रबंध सापडणार नाही.

पाने स्कॅन करून चित्ररूपात चढवलेल्या प्रबंधांचीही हीच गत होते. पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक रूपात द्यावेत असा नियम 2009 साली झाला आणि गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने ‘शोधगंगा’ हे भांडार उभे केले. आज तिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, कुणालाही फुकट वाचता येणारे. एवढा ठेवा जगात फार थोड्या देशांकडे असेल. त्यातला मराठी भाग पुरेसा सापडत नाही, याचे मोठे कारण फॉन्ट हे आहे.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. मोबाइलवर आपण रोज जी मराठी लिहितो ती युनिकोडच असते. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा. जुना असेल तर तो रूपांतरित करून देणारी साधने मिळतात, पण नंतर मुद्रितशोधन करावेच लागते, कारण जोडाक्षरे आणि रफार बिघडतात. शीर्षक, सारांश आणि पाच-सहा कळीचे शब्द मराठीबरोबर इंग्रजीतही द्यावेत. तामिळनाडूतल्या किंवा जर्मनीतल्या अभ्यासकाला अशा विषयावर काम झाले आहे एवढे तरी त्यातून कळते, आणि गरज असेल तर तो तुम्हाला गाठतो.

नावाचा घोळ

एस. आर. पाटील या नावाचे किती संशोधक असतील? चौधरी हे आडनाव इंग्रजीत चार-पाच प्रकारे लिहिले जाते. कुणी आडनाव आधी लिहितो, कुणी वडिलांचे नाव पूर्ण देतो, कुणी फक्त आद्याक्षर. सगळ्यांत जास्त नुकसान बायकांचे होते. लग्नाआधीचे चार निबंध एका नावावर, नंतरचे सहा दुसऱ्या नावावर. यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या व्यक्ती.

त्यासाठी 2012 मध्ये ‘ऑर्किड’ सुरू झाले. हा प्रत्येक संशोधकाला मोफत मिळणारा सोळा अंकी क्रमांक. नाव बदलले, नोकरी बदलली, देश बदलला तरी क्रमांक तोच राहतो आणि नावाची सगळी रूपे त्याखाली नोंदवता येतात. काढायला काही मिनिटे लागतात. त्याबरोबर गूगल स्कॉलरवर स्वतःचे पान उघडून त्यात शिरलेले दुसऱ्यांचे निबंध काढून टाकावेत. ते तसेच ठेवून आकडा फुगवणारे लोक आहेत, आणि ते आज ना उद्या उघडे पडतात.

सापडले, पण वाचता आले का?

बहुतेक मोठ्या संशोधनपत्रिका वर्गणीवर चालतात. वर्गणी नसलेल्याला सारांशापुढे काही दिसत नाही. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये सरकारने तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये देऊन 30 प्रकाशकांच्या सुमारे 13,000 पत्रिका 6,300 हून अधिक सरकारी संस्थांना खुल्या केल्या आहेत. तालुक्याच्या ठिकाणच्या सरकारी महाविद्यालयासाठी हा मोठा बदल आहे. पण त्यामुळे आपल्याला इतरांचे वाचता येते. आपले काम मेळघाटातल्या स्वयंसेवी संस्थेला, खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरला किंवा केनियातल्या संशोधकाला वाचता येईलच असे नाही.

त्यासाठी ‘ओपन ॲक्सेस’, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारे प्रकाशन. त्याचे तीन रस्ते आहेत. पहिल्यात लेखक पैसे भरतो. ‘नेचर’ने हा पर्याय आणला तेव्हा एका निबंधाचे शुल्क 9,500 युरो ठेवले होते. आपल्या बहुतेकांनी त्याचा विचारही करू नये. दुसऱ्यात लेखकालाही पैसे नाहीत आणि वाचकालाही नाहीत, खर्च संस्था उचलते. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी आपल्या पत्रिका अनेक वर्षे अशाच खुल्या ठेवत आली आहे. तिसरा रस्ता सगळ्यांना परवडणारा आहे: पत्रिका वर्गणीची असली तरी स्वीकारलेल्या निबंधाची आपली प्रत भांडारात ठेवणे. बरेच प्रकाशक काही अटींवर हे चालवून घेतात. कुठला प्रकाशक काय परवानगी देतो, ते ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ या संकेतस्थळावर पाहता येते. ही मुभा असूनही आपल्याकडे फार थोडे लोक ती वापरतात.

“आधी टाकले तर कुणी चोरेल”

तज्ज्ञांनी तपासण्याआधीच खुला केलेला निबंध म्हणजे प्रीप्रिंट. पदार्थविज्ञानात 1991 पासून ‘अर्काइव्ह’ या भांडारात निबंध ठेवायची पद्धत आहे, जीवशास्त्रात 2013 पासून ‘बायोअर्काइव्ह’ आहे. चोरीची भीती अनेकांना वाटते. पण प्रीप्रिंटवर तारीख आणि नाव पडते, म्हणजे कल्पना आधी कुणाची होती याचा पुरावाच तयार होतो. उलट संपादकाच्या टेबलावर वर्षभर पडून राहिलेल्या निबंधाला असा कोणताही आधार नसतो.

खरे धोके दोन. पेटंट घ्यायचे असेल तर अर्ज आधी, जाहीर करणे नंतर, कारण जाहीर झालेल्या गोष्टीचे नावीन्य कायद्याच्या दृष्टीने संपते. आणि प्रीप्रिंट तपासलेला नसतो. जानेवारी 2020 च्या अखेरीस दिल्लीतल्या काही संशोधकांनी करोना विषाणूत एचआयव्हीशी साम्य असलेले भाग असल्याचा प्रीप्रिंट टाकला. टीका होताच दोन-तीन दिवसांत तो मागे घेतला गेला, पण तोवर अफवेला पाय फुटले होते. आरोग्याचा विषय असेल तर तपासणी पूर्ण होईपर्यंत वर्तमानपत्राकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या

मोबाइलवर असे निरोप येतच असतात. अशा पत्रिकांना ‘प्रीडेटरी’, म्हणजे शिकारी म्हणतात. तज्ज्ञांकडून तपासणी झाल्याचे भासवायचे, शुल्क घ्यायचे आणि काहीही छापायचे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या संशोधकांनी यूजीसीच्या जुन्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या 1,009 पत्रिका तपासल्या. 2018 साली ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की यातल्या 88 टक्क्यांहून अधिक पत्रिका कमी दर्जाच्या असाव्यात. कुणाचे पत्ते नव्हते, कुणाचे आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचे नोंदणी क्रमांक, चुकीचे होते, कुणी खोटे इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे पत्रिकेला मिळणाऱ्या संदर्भांची सरासरी, लावले होते. पुढच्या वर्षी, 2019 मध्ये, ‘केअर’ यादी आली. आता तीही नाही, म्हणून पारख स्वतःच करायला हवी.

आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे. संपादक मंडळावरच्या दोघांना ईमेल करून ‘आपण खरोखर या पत्रिकेवर आहात का’ असे विचारावे. चांगल्या पत्रिकेच्या नावाने बनावट संकेतस्थळेही चालतात, म्हणून दुवा ग्रंथपालाकडून पडताळून घ्यावा. अशा ठिकाणी छापल्याचा सगळ्यांत मोठा तोटा पैशांचा नसतो. एकदा तिथे छापलेला निबंध पुन्हा चांगल्या पत्रिकेत देता येत नाही, कारण ते दुबार प्रकाशन ठरते. पत्रिका तो मागेही घेऊ देत नाही. तीन वर्षांचे चांगले काम कायमचे अडगळीत जाते.

आकडे काय सांगतात?

एखाद्या निबंधाचा दुसऱ्या निबंधाने संदर्भ दिला की त्याला ‘सायटेशन’ म्हणतात. पत्रिकेच्या अलीकडच्या निबंधांना सरासरी किती सायटेशन मिळाली, तो ‘इम्पॅक्ट फॅक्टर’. अमेरिकी पदार्थवैज्ञानिक होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये व्यक्तीसाठी ‘एच-इंडेक्स’ सुचवला. तुमच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन असतील तर एच-इंडेक्स दहा.

पत्रिकेच्या सरासरीवरून एका निबंधाची किंमत ठरत नाही. वर्गाची सरासरी चांगली म्हणून प्रत्येक मुलाला पहिला वर्ग देत नाहीत. 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या ‘डोरा’ जाहीरनाम्याने हेच सांगितले: माणसाचे मूल्यमापन करताना काम वाचा, पत्रिकेचा आकडा पाहू नका. विषयाप्रमाणेही आकडे बदलतात. वैद्यकात जे सहज मिळते ते गणितात किंवा मराठी साहित्यात मिळणार नाही. आकडा वाढवण्यासाठी एकमेकांचे संदर्भ देण्याचे करार करणाऱ्यांच्या नादी लागू नये. त्याने आकडा वाढतो, काम कुणी वाचत नाही.

“हा स्वतःचाच डंका पिटणे नाही का?”

हा आक्षेप प्रामाणिक लोकांकडून येतो, म्हणून त्याला गांभीर्याने उत्तर द्यायला हवे. ‘काम चांगले असेल तर आपोआप कळेल’ असे आपल्याला घरात शिकवलेले असते. पण संशोधनाचा लाभ कुणाला व्हायचा असतो ते पाहा. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच प्रशिक्षित बायकांकडून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध झाले. बंग दांपत्य तिथे थांबले नाही. ते मराठीत लिहीत राहिले, राज्यातल्या बालमृत्यूंविषयी सरकारशी भांडले, इतर संस्थांकडून त्याच पद्धतीची चाचणी होऊ दिली. 2011 मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचा कार्यक्रम देशभर सुरू केला. निबंध लंडनच्या पत्रिकेत छापून आला म्हणून ते गप्प बसले असते, तर किती बाळे त्या काळजीला मुकली असती?

जयंत नारळीकरांचेही तसेच. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर 1964 मध्ये गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडणारा, पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारा हा शास्त्रज्ञ 2025 च्या मे महिन्यात जाईपर्यंत मराठी वाचकांसाठी घरचा माणूस होता. सही मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत, आणि उत्तराखाली सही करत. त्यात डंका कुठे आहे? प्रसिद्धी आणि पोचवणे यांतला फरक सोपा आहे. ‘मी किती मोठा’ हे सांगितले तर प्रसिद्धी, ‘हे सापडले, याचा तुम्हाला असा उपयोग, याबद्दल आम्हाला अजून एवढी शंका आहे’ हे सांगितले तर पोचवणे.

“वर्तमानपत्रवाले काहीही छापतात”

2014 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय पत्रिकेत ब्रिटिश संशोधकांनी एक तपासणी प्रसिद्ध केली. 20 विद्यापीठांची 462 प्रसिद्धिपत्रके मूळ निबंधांशी ताडून पाहिली, तेव्हा 40 टक्के पत्रकांत वाचकांना दिलेला सल्ला निबंधापेक्षा वाढवून सांगितला होता. पत्रकात अतिशयोक्ती असली की बातमीतही ती बहुधा येत होती. म्हणजे विपर्यासाची सुरुवात बऱ्याचदा आपल्याच घरात होते.

म्हणून पत्रकाराला द्यायचे टिपण स्वतः लिहावे, पानभर. काय विचारले, कुणाकडे विचारले, किती जणांकडे, काय आढळले आणि यावरून काय म्हणता येत नाही. प्रयोग उंदरांवर असेल तर ‘उंदीर’ हा शब्द पहिल्या वाक्यात. बारामतीच्या एका हंगामातले निष्कर्ष असतील तर ‘महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना’ असे मथळ्यासाठी सुचवू नये. मराठी विज्ञान परिषदेसारख्या 1966 पासून हेच काम करणाऱ्या संस्थेच्या पत्रिकेसाठी एखादा लेख लिहून पाहिला तर हात सरावतो. तज्ज्ञ नसलेल्या संपादकाचे प्रश्न हीच उत्तम शिकवणी.

सुरुवात कुठून करावी?

पीएच.डी. नुकतीच झालेल्या माणसाने आधी ऑर्किड काढावा आणि तो प्रत्येक निबंधावर छापायला सांगावा. मग छापून झालेल्या निबंधांपैकी कुठल्यांची प्रत भांडारात ठेवता येते ते तपासून त्या ठेवाव्यात. समाजमाध्यमांवर रोज असण्याची गरज नाही. आपल्या विषयातल्या ज्या दहा-पंधरा लोकांना हे काम खरोखर उपयोगी पडेल त्यांना सारांश आणि दुवा जोडून साधे पत्र पाठवले, तर त्यातून पुष्कळदा जास्त साधते.

ज्या गावात, शाळेत किंवा वस्तीत प्रश्नावल्या भरून घेतल्या, तिथे दोन पानी मराठी टिपण घेऊन परत जावे. आपण दिलेल्या माहितीचे पुढे काय झाले, हे त्या लोकांना बहुतेक वेळा कुणीच सांगितलेले नसते. आणि शोधगंगेवरचा आपला प्रबंध उघडून पाहावा. सगळी प्रकरणे उघडतात का, मजकुरातला एखादा मराठी शब्द टाकून शोधला तर सापडतो का? सापडत नसेल तर युनिकोडमधली प्रत तयार करून विद्यापीठाच्या ग्रंथपालांकडे बदलून देण्याचा अर्ज करावा.